हिरडीचा गंज

धुळे, गल्ली नं. ५
१४ जून १९९६

चि. सुगंधा,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी भांडण.

तुझं अंतर्देशीय पत्र काल मिळालं. जावेच्या नातवाचं बारसं, कैऱ्यांचा भाव, लांबलेला पाऊस, हे सगळं तू पानभर लिहिलंस. आणि अगदी शेवटी, पत्राच्या मुडपायच्या पट्टीवर, जिथं जीभ लावून डिंक ओला करतात तिथं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस की हिरड्यांतून रक्त येतं, भाकरीच्या तुकड्याला लागलेलं दिसतं, खालचे पुढचे दोन दात हलतात. पण काळजी नको, हिलालनं कॅप्सूल चालू केल्या आहेत.

काळजी नको? मला काळजी नाहीच, मला संताप आला आहे.

हिलाल म्हणजे तुझ्या दिराचा मुलगा. औषध कंपनीची बॅग मांडीवर घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसायचा तोच ना? तो स्वतः डॉक्टर कधी झाला? तुझ्या मुलीच्या लग्नात माझ्याशेजारी जेवायला बसला होता, तेव्हा तरी झाला नव्हता. तेव्हा त्याला बी.एस्सी.चे दोन विषय सोडवायचे होते.

तू बावन्न वर्षांची आहेस. आपली आई सत्तरीत दातांनी ऊस सोलायची. त्या घरातली मुलगी तू, आणि दात हलतात हे तू डिंकाच्या पट्टीवर लिहितेस!

त्या कॅप्सुलीत काय आहे, ती देण्याआधी त्यानं तुझ्या तोंडात पाहिलं का, आणि जळगावातले दातांचे डॉक्टर एकदम कुठं गेले, हे उलट टपाली कळव. फोन कर म्हणू नकोस. एसटीडी बूथवर मागे माणसं खोळंबलेली असली की मला नीट भांडता येत नाही.

आशीर्वाद. थोडे उरले.

अक्का

•

जळगाव
२० जून १९९६

ती. अक्कास,

तू आशीर्वाद हात आखडून दिलेस, पण माझा नमस्कार पुरता साष्टांग आहे.

हिलालवर उगाच डाफरू नकोस. त्यानं आता बाजारात आरोग्य केंद्र काढलंय. पांढरा कोट घालतो. पाटीवर 'डॉ.' आहे, पण तो बारीक आहे आणि नाव मोठं आहे. त्यानं मला समोर बसवून छान समजावून सांगितलं. "काकू, लोखंडाला हवा लागली की गंज चढतो ना, तसाच माणसाच्या शरीराला प्राणवायूचा गंज चढतो. सगळ्यात आधी हिरडीला. ही कॅप्सूल आतून गंज उतरवते. अमेरिकेत सगळे घेतात." औषधाचं नाव मोठं आहे, अँटिऑक्सिडंट. मी चार दिवस पाठ केलं तेव्हा आलं. तुझ्या मेव्हण्यांना अजून येत नाही. ते 'आंटी' म्हणतात. रात्री अंगणात खाटेवरून ओरडतात, "काय गं, आंटी गिळली का?" शेजारच्या मंजुळाबाईला वाटलं, मी कुणा बाईला गिळलं.

तोंडात पाहिलं नाही त्यानं, पण विचारलं सगळं. पान खाता का, सुपारी खाता का, तंबाखू खाता का. मी म्हटलं, "हिलाल, काकूला असलं विचारतोस?" लाजला बिचारा. पुढं काही विचारलं नाही.

आणि मी दातांची हेळसांड करते असं समजू नकोस. सकाळी चहाच्या आधी डबी. दुपारी जेवण आटोपलं की पुन्हा. मध्येच हिरडी ठणकली तर बोटावर घेऊन फिरवते आणि मागच्या ओट्यावर जराशी टेकते, की बरं वाटतं. मंजुळाबाई घरीच भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून देते. विकतचं कधी नाही.

दातांच्या डॉक्टरकडे मला पाठवू नकोस. आमच्या कोपऱ्यावरच्या भागाबाईनं दात साफ करून घेतले, तर होते तेही हलायला लागले. मशीन लागलं की दात गेलाच, असं सगळ्या गल्लीत म्हणतात.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र आता दुधात कुस्करून खावी लागते. तेवढं एक वाईट वाटतं.

तुझी,
सुगंधा

•

धुळे
२७ जून १९९६

चि. सुगंधा,

गंज म्हणे! मग तुला कॅप्सूल कशाला? चिंचेनं घासून घ्यायचं होतंस तोंड, पितळी तांब्यासारखं.

मला विज्ञान येत नाही. मला इंग्रजी येतं. बाबा रेल्वेत गार्ड होते तोवर भुसावळला सिस्टरांच्या शाळेत शिकले, आणि त्या इंग्रजीवर जिल्हा कोर्टात उभी नोकरी भाषांतरात काढली. तेवढ्या नोकरीत एक शिकले. लबाड माणसाला अवघड शब्द मिळाला की तो आधी त्याचा जप करायला लावतो, मग पूजा करायला. तू चार दिवस पाठ केलास म्हणतेस. चार दिवसांत जळगावाहून धुळ्याला येऊन दात दाखवून परत गेली असतीस.

मी इथं विचारून आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुलीनं दातांचा दवाखाना काढला आहे. रीतसर शिकलेली आहे, भिंतीवर प्रमाणपत्र आहे आणि त्यावरचा 'डॉ.' बारीक नाही. माझी दाढ तिनंच भरली. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, त्या जीवनसत्त्वांशी माझं वैर नाही. खाऊ द्या. पण दाताच्या मुळाशी कीटण बसलं असेल तर ते गोळीनं निघत नाही. ते खरवडावंच लागतं." तुझ्या तव्याला कीटण चढतं तेव्हा तू तव्याला टॉनिक पाजतेस का, सुगंधा?

भागाबाईचंही विचारलं. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणानं दात नुसते धरून ठेवलेले असतात, म्हणून काढल्यावर हलतात. भिंत पडायला आली आणि ढिगाऱ्यानं तिला टेकू दिला, तर ढिगारा उपसणाऱ्याला शिव्या द्यायच्या का? भागाबाई दोन वर्षं आधी गेली असती तर भिंतच पडली नसती.

मंजुळाबाईचं दंतमंजन मात्र चालू ठेव. आपली आजी बदामाची टरफलं जाळून करायची तसलंच दिसतं. तिला म्हणावं थोडी लवंग घाल.

आता एक विचारते. ही मुलगी दोनदा म्हणाली, तंबाखू असेल तर सगळंच अवघड होतं. मी म्हणाले, आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवत नाही. पण साक्षीदाराच्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं नसतं. म्हणून तूच सांग. तू तंबाखू खातेस का? हो किंवा नाही. गोष्टी नकोत.

अक्का

•

जळगाव
९ ऑगस्ट १९९६

ती. अक्कास सा. न.

नाही.

झालं समाधान? आता गोष्ट ऐक, कारण ती तुला ऐकावीच लागेल.

रक्त थांबलं! बोट लावून पाहिलं, रुमाल लावून पाहिला, भाकरी दूध न घालता चावून पाहिली. पांढरी स्वच्छ. हिलालला सांगितलं तर त्यानं मला वाकून नमस्कार केला. तो म्हणाला होता की कॅप्सुलीबरोबर दातांची निगाही वाढवा, म्हणून मीही जिद्दीनं डबी वाढवली. दिवसभर कंबरेलाच असते. ठणका म्हणून राहिला नाही.

मागच्या रविवारी त्यानं मंगल कार्यालयात बायकांचा आरोग्य मेळावा घेतला. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मग एकदम नाव पुकारलं आणि हातात माईक दिला. शुद्ध बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, "बाईसहोन, मन्या हिरड्यासनं रगत थांबी गयं!" काय टाळ्या पडल्या, अक्का! खिरोद्याकडच्या बाया होत्या, एरंडोलच्या होत्या, एक तर माझ्या शाळेतली निघाली. सगळ्यांनी मला गराडा घातला. "तुमना दात दखाडा ना," म्हणून. मग सगळ्या हिलालच्या टेबलाकडे गेल्या. आता माझा फोटो छापून पत्रक काढणार आहे.

तुझ्या त्या मुलीला सांग, जळगावच्या तव्याचं कीटण टॉनिकनं निघालं.

दात अजून हलतात थोडे, पण हिलाल म्हणतो मुळं धरायला वेळ लागतो.

अक्का, तुला सिस्टरांची शाळा मिळाली. मला बाबा गेल्यावर एरंडोलच्या काकांचं घर मिळालं. तू रोज न्यायाधीशासमोर बोलायचीस. मला बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी 'बोला' म्हणालं.

तुझी,
सुगंधा

•

धुळे
१६ ऑगस्ट १९९६

चि. सुगंधा,

रक्त थांबलं, चांगलं झालं. मला आनंद व्हायला हवा. होत नाही, कारण दात हलतात हे तू पुन्हा एकदा पत्राच्या तळाशी ढकललं आहेस.

त्या मुलीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "साफ न करता थांबलं? मला पाहायला हवं." बघ, ती पाहायचं म्हणते. हिलालनं अजून एकदा तरी तुझ्या तोंडात डोकावून पाहिलंय का?

आणि स्टेजवर जायचं तुला कुणी सांगितलं? साक्ष म्हणजे काय असते ते मला विचार. साक्षीदारानं जे पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. रक्त थांबलं हे तू पाहिलंस. कशानं थांबलं हे तू पाहिलं नाहीस, ते हिलालनं तुझ्या तोंडात घातलं, कॅप्सुलीसारखंच. आणि त्या खिरोद्याच्या, एरंडोलच्या बायांनी तुझ्या शब्दावर ती गिळली. त्यांतल्या एकीचा दात गेला तर ती हिलालला शोधणार नाही. ती म्हणेल, "ती पत्रकावरची बाई खोटं बोलली."

तुला हिरड्या नको होत्या, टाळ्या हव्या होत्या. सरळ लिहायचंस, मी इथून वाजवून पाठवल्या असत्या.

पुढच्या सोमवारच्या एसटीनं ये. पारोळ्यापर्यंत उभं राहावं लागलं तरी चालेल, ये.

अक्का

•

जळगाव
१८ ऑक्टोबर १९९६

ती. अक्का यांना,

आपला मेव्हणा कौतिक याचा नमस्कार विनंती विशेष.

मी दालमिलचा माणूस, मला पत्र लिहिता येत नाही. तरी लिहितो. तुमची बहीण तुमच्यावर रुसून बसली म्हणून दोन महिने तुम्हाला पत्र नाही. टाळ्यांचं तुम्ही लिहिलं ते तिला फार लागलं. ते पत्र तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवलंय आणि रोज काढून वाचते आणि रोज रडते. तुमच्या दोघींमध्ये मी बोलणार नाही. मागं एकदा बोलून पाहिलंय, मी कुत्रा चावलेला माणूस आहे.

परवा खालचा एक दात भाकरीत निघून आला. रक्त नाही, काही नाही, अंगठी निघावी तसा निघाला. तिनं तो मला दाखवला नाही, तुळशीत पुरला. काल दुसरा. आता गाल फुगून डोळा मिटलाय. बठ्ठं तोंड सुजी गयं शे. ताप आहे. हिलालला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, काका, डोस दुप्पट करा.

मी त्याला काही बोललो नाही. भावाचा मुलगा आहे. पण मी उद्या तिला घेऊन तुमच्याकडे निघतो. पत्र आणि आम्ही बहुतेक एकदमच पोचू.

आल्यावर तिला रागावू नका. मला रागवा, मी ऐकून घेईन.

आपला,
कौतिक

•

धुळे
२ नोव्हेंबर १९९६

श्री. हिलाल यांस,

तुला चिरंजीव म्हणवत नाही आणि डॉक्टर तर मुळीच म्हणवत नाही.

तुझी काकू बारा दिवस माझ्याकडे होती. इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला, ताप उतरवला, आणि मग दोन खेपांत सगळं तोंड साफ केलं. खालचे दोन गेले ते गेले. तिसरा काढावा लागला. वरचे बहुतेक राहतील असं ती म्हणते. 'बहुतेक' हा शब्द तुझ्या तोंडी कधी आला नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या खुर्चीत काय झालं ते तुला कळायला हवं. मी शेजारी उभी होते.

डॉक्टरीणबाईंनी ओठ खाली ओढला, दिवा वळवला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही दात कशानं घासता?"

काकू म्हणाली, "मिसरीनं."

"म्हणजे तंबाखू?"

"तंबाखू कशाला? मिसरी. मंजुळाबाई भाजून देते ना, ती."

"काय भाजून देते?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पानं."

"कसली पानं, मावशी?"

"तंबाखूची. पण ती भाजल्यावर मिसरी होते ना! तंबाखू खातात. मिसरी लावतात."

मी तिथंच ओरडले. म्हणाले, "मी तुला विचारलं होतं! हो किंवा नाही म्हणाले होते!" तर तोंडात कापूस असताना ती काय म्हणाली माहीत आहे? "तू खातेस का विचारलंस. मी खात नाही. लावतेस का असं विचारायचं होतंस."

कंबरेची ती डबी दर पत्रात माझ्यासमोर येत होती आणि मी तिला म्हणत होते, त्यात लवंग घाल. माझं डोकं कुठं होतं देव जाणे. पण मी धुळ्यात होते, हिलाल, आणि माझ्यासमोर शाई होती. तुझ्यासमोर तोंड होतं. ओठ बोटानं खाली ओढला असतास तर काळी पडलेली हिरडी आंधळ्यालाही दिसली असती. तू खान्देशात जन्मलास. तुझी आजी ओट्यावर बसून मिसरी लावायची, तुझ्या मांडीवरून तिची डबी फिरली असेल. आणि तू शहरातल्या बाबूसारखं विचारतोस, "तंबाखू खाता का?" बाई लाजली, तू लाजलास, आणि तपासणी संपली!

आता रक्ताचं ऐक. डॉक्टरीणबाई म्हणतात, तंबाखूनं कधीकधी हिरडीचं रक्त दबतं आणि आतलं कुजणं चालूच राहतं. काकूनं त्या महिन्यांत डबी दुप्पट केली होती. निगा वाढवा, असं तूच सांगितलं होतंस. रक्त थांबलं ते बहुधा त्यानंच. तू ते तुझ्या कॅप्सुलीच्या नावावर मांडलंस आणि वर तिचा फोटो छापलास.

तुझ्या कॅप्सुलीनं तिचे दात पाडले असं मी म्हणणार नाही. खोटी फिर्याद मी करत नसते. कॅप्सुलीनं काही केलं नाही, हीच तर फिर्याद आहे. ती काहीच न करता चार महिने तिथं बसून राहिली आणि त्या चार महिन्यांत तुझी काकू डॉक्टरकडे गेली नाही.

तो फोटो काढून टाक. आणि मेळाव्यात ज्या बायांना कॅप्सूल दिल्यास त्यांना बोलावून सांग की तोंड दाखवून घ्या, दातांच्या डॉक्टरला, तुला नव्हे.

प्रमिला

•

जळगाव
१२ नोव्हेंबर १९९६

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.

आपलं पत्र वाचून वेदना झाल्या. वास्तविक काकूंनी हिस्ट्री लपवली. पेशंटनंच खोटं सांगितलं तर जगातला कुठलाही डॉक्टर काय करणार? मिसरीमुळे शरीरात इतका गंज तयार होतो की आमचा नॉर्मल डोस त्यातच खर्च झाला. म्हणजे कॅप्सूल लढत होती, पण काकू शत्रूला रसद पुरवत होत्या. यावरून उलट अँटिऑक्सिडंटची गरजच सिद्ध होते. आता त्यांनी मिसरी सोडली असेल तर डबल डोसचा रिझल्ट उत्तम येईल.

पत्रकं छापून झाली आहेत, आणि फोटोत काकूंचे दात आहेतच. त्या वेळी जे होतं तेच छापलं आहे.

२४ तारखेला पुढचा मेळावा आहे. काकूंची तब्येत पाहता त्यांनी विश्रांती घ्यावी, तसदी घेऊ नये.

आपला नम्र,
डॉ. हिलाल

•

जळगाव
२६ नोव्हेंबर १९९६

ती. अक्कास सा. न.

हिलालचं पत्र तू मला पाठवलंस ते बरं केलंस. 'काकूंनी खोटं सांगितलं' एवढी एकच ओळ मी वाचली. पुन्हा वाचली. मग पिठाच्या डब्याखालून तुझं टाळ्यांचं पत्र काढून चुलीत टाकलं आणि त्या जागी हे ठेवलं. तुझ्यावरचा राग संपला, अक्का. जागा रिकामी हवी होती.

तसदी घेऊ नये म्हणाला ना? घेतली.

मंगल कार्यालयाच्या दारात माझा फोटो लावला होता, हा एवढा मोठा. त्यात मी हसते आहे, सगळे दात दिसतात. मी फोटोखालून आत गेले तर दारातल्या पोरीनं मला ओळखलं नाही. मंजुळाबाई बरोबर होती. यांनाही नेलं. "मी फक्त दाराशी उभा राहतो," म्हणाले. उभे राहिले, पण दार अडवून राहिले.

हिलाल माईकवर गंजाचं सांगत होता. मी सरळ वर गेले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही आराम..." मी म्हटलं, "आराम तू कर, पोरा. बस." त्यानं माईक बंद केला. केला तर केला. आपल्या घरात कुणाला माईक लागला आहे?

पुढचे दात गेल्यापासून माझ्या बोलण्यातून वारा जातो. 'स'च्या जागी नुसती शिट्टी वाजते. पहिलंच वाक्य बोलले आणि पुढच्या रांगेतल्या पोरी फिसकन हसल्या. मला असा राग आला की काय सांगू. मी ओठ खाली ओढला आणि म्हटलं, "हासा! हाई दखा आनि हासा! बाहेर फोटोमा शे ती मीच शे."

मग कुणी हसलं नाही.

मी विचारलं, "तुममा तंबाखू कोन खास?" एकही हात नाही. सगळ्या अशा बघायला लागल्या की जणू मी शिवी दिली. मग विचारलं, "मिसरी कोन लावस?"

अक्का, आधी कुणी हालेना. मग मंजुळाबाईनं हात वर केला. जिच्या हातची मिसरी सगळी गल्ली लावते, तिनं. तिच्या मागून एक हात आला, मग दुसरा, आणि मग पदराआडून, मांडीवरून, भिंतीकडून, सगळे. म्हाताऱ्या, सुना, फिसकन हसलेल्या पोरी. हिलालला मी म्हटलं, "मोज. तुला हिस्ट्री पाहिजे होती ना? ही घे. मी खोटं बोलले नाही. तुला विचारता आलं नाही." त्याच्या टेबलामागे बसलेल्या त्याच्या बायकोचा हातही वर होता. तिनं तो खाली घेतला नाही, तो रागानं बघत होता तरी.

मी त्यांना सगळं सांगितलं. रक्त दबलं कसं, दात निघाला कसा, धुळ्याला काय केलं. जे पाहिलं तेवढंच सांगितलं. बाकी म्हटलं, हे मला डॉक्टरीणबाईनं सांगितलं, माझं नव्हे. तू असतीस तर तुला चूक काढायला जागा मिळाली नसती. टाळी एकही पडली नाही. पण चार बाया माझ्याबरोबर बाहेर आल्या आणि त्यांनी धुळ्याच्या दवाखान्याचा पत्ता मागितला. एकीचा वरचा दात हलतो. आमच्या शाळेतली, तीच.

जाताना यांनी माझा फोटो खिळ्यासकट उपटला आणि काखेत मारून घरी आणला. म्हणतात, "दात होते तेव्हाची आठवण राहू दे." त्यांना मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

आता ये. तुझ्यावर रागवायला समोर कुणी नाही म्हणून करमत नाही.

तुझी,
सुगंधा

•

धुळे
२ डिसेंबर १९९६

चि. सुगंधा,

आशीर्वाद, आज आधी. सगळेच्या सगळे.

तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. 'हिस्ट्री पाहिजे होती ना' या ठिकाणी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आता ती येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी विचारते, दात कशानं घासता, आणि मग, लावता काय. हिलालचं पत्रही तिला दाखवलं. तिनं ते वाचून हात धुतले.

पण मला फसवू नकोस. दोन वेळा वाचलं तुझं पत्र. मेळावा आहे, मंजुळाबाई आहे, हिलालची बायको आहे, उपटलेला फोटो आहे. तुझी डबी कुठं आहे? ती कुठंच नाही. डिंकाच्या पट्टीवर पण पाहिलं, तिथंही नाही.

या वेळी प्रश्न नीट घालते. खाणे, लावणे, घासणे, चोळणे, ओढणे, हुंगणे, दाढेत धरणे, भाजलेली, कच्ची, कुटलेली, मंजुळाबाईची किंवा कुणाचीही, मिसरी म्हण, तपकीर म्हण, आणखी काही नवीन नाव ठेवलं असलंस तर तेही धर. यांपैकी काही तू तोंडात किंवा नाकात घालतेस का?

हो किंवा नाही.

अक्का

•

जळगाव
९ डिसेंबर १९९६
(पोस्टकार्ड)

ती. अक्कास,

हो.

पहाटेची एक सुटत नाही. बाकीच्या सुटल्या. डबी मंजुळाबाईच्या घरी ठेवली आहे, भिंतीपलीकडे जाऊन मागावी लागते. तिनंही भाजणं बंद केलंय, आहे तेवढीच उरली आहे. मागायला गेले की ती मला आणि मी तिला शिव्या देतो, आणि मग दोघी लावतो.

खोटं सांगणार होते. पण तू पळवाट एकही ठेवली नाहीस.

वरचे दात घट्ट आहेत. सोमवारच्या एसटीनं दाखवायला येते. रागवायचं ते तेव्हाच रागव, कार्डावर जागा नाही आणि पोस्टमन वाचतो.

सुगंधा